बारा फोटो, एक बिल्डिंग आणि मालाडचा जर्मन

आजचा भाग सुरू होतो एका माळ्यावरून.

बोरिवलीतली आमच्या आजीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायला महिना होता. माळ्यावरून पितळेची पातेली, जुनी लाइट बिलं, एक मोडका आकाशकंदील असं सगळं उतरवत होतो आणि मागून एक चामडी केस आली. आत कॅमेरा. आग्फा क्लिक थ्री.

"अरे, हा तुझ्या आजोबांचा," आजी म्हणाली. "आपण इथं राहायला आलो ना, तेव्हाचे फोटो ह्यातलेच."

अल्बम काढला. काळेपांढरे चौकोनी फोटो. एकात आमची बिल्डिंग, नवीकोरी, आजूबाजूला नुसतं गवत. गेटपाशी आजी, कडेवर माझे बाबा. म्हटलं, ज्या कॅमेऱ्यानं ह्या बिल्डिंगचा पहिला फोटो काढला, शेवटचाही त्यानंच काढायचा. सोपं वाटलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला, मला सगळं आधी सोपंच वाटतं.

आधी कॅमेऱ्याची गोष्ट सांगतो. क्लिक हे मॉडेल मूळचं जर्मनीतलं, आग्फाच्या म्युनिकच्या कारखान्यातलं. आपल्याकडचा क्लिक थ्री मात्र वडोद्यात तयार व्हायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. बाहेरून येणारे कॅमेरे महाग होते आणि मिळायचेही मुश्किलीनं. अशा काळात हा प्लॅस्टिकचा डबा हजारो मध्यमवर्गीय घरांचा पहिला कॅमेरा झाला. त्यात बॅटरी नाही, फोकस नाही, मीटर नाही. उन्हासाठी एक खूण, ढगाळ हवेसाठी एक. बटण दाबायचं, झालं.

रोल लागतो 120 नंबरचा. हा रोल कोडॅकनं 1901 मध्ये आणला आणि तो आजही नवा मिळतो. सव्वाशे वर्षं एकच फॉरमॅट! आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर चालेनासं होतं. एका रोलमध्ये फोटो बारा. पुढे रोलही देशातच बनायला लागले. 1960 मध्ये सरकारनं उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स काढली, 1967 मध्ये उत्पादन सुरू झालं. त्यांचा ब्रँड 'इंदू'. फिल्म बनवायला थंड आणि बिनधुळीची हवा लागते, म्हणून उटी. तो कारखाना आता बंद आहे.

आता म्युनिकचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच वेस्टर्न लाइनवर येऊ. मालाड. आज मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीज कंपाउंड शोधायला गेलात, तर गाळे, वर्कशॉप आणि टेम्पो दिसतील. 1934 मध्ये तिथं हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी स्टुडिओ उभारला. स्वतःचे सेट, स्वतःची लॅब. त्या लॅबमध्ये एक तरुण असिस्टंट होता, जो पुढे हिरो झाला. अशोक कुमार.

आणि कॅमेऱ्यामागे होता जोसेफ विर्शिंग. जन्म 1903, गाव म्युनिक. 'लाइट ऑफ एशिया'च्या शूटिंगसाठी तो 1925 मध्ये पहिल्यांदा भारतात आला. नंतर 'अछूत कन्या' त्यानंच शूट केला. पण मला भावली ती त्याची दुसरी सवय. सेटवर तो लायका हा छोटा कॅमेरा बाळगायचा आणि मधल्या वेळात स्टिल फोटो काढायचा. मेकअप करणारे नट, लाइट ओढणारी माणसं, अर्धवट उभे सेट.

1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिश राज्यात जर्मन माणूस म्हणजे शत्रू. विर्शिंगला पकडून छावणीत ठेवलं आणि पुढची कितीतरी वर्षं गेली. सुटल्यावरही तो इथंच राहिला. 'महल' त्याचा. 'पाकिजा'चा कॅमेराही त्याचाच, पण तो सिनेमा यायच्या आधीच, 1967 मध्ये, तो गेला.

स्टुडिओ पन्नासच्या दशकात बंद पडला. पण त्यानं काढलेल्या हजारो निगेटिव्ह कुटुंबानं जपल्या. पुढे त्याच्या नातवानं त्या बाहेर काढल्या आणि 2017 मध्ये गोव्याच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यांचं प्रदर्शन लागलं. मालाडचा तो स्टुडिओ आतून कसा चालायचा, हे आज आपल्याला दिसतं ते ह्या निगेटिव्हमुळे. वास्तू गेली आणि डब्यातली फिल्म टिकली. हे वाचलं आणि माझा महिना जास्तच छोटा वाटायला लागला.

तर, आमचा क्लिक. शटरचं पातं चिकटलं होतं, भिंगावर बुरशीचे धागे. पुढचे स्क्रू काढले, प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पातं पुसलं, भिंग साफ केलं. स्प्रिंगला तेल घालायचा मोह होतो, घालू नका. तेल पात्यावर उतरतं आणि पुन्हा चिकटतं. तिसऱ्या दिवशी 'टक्' असा आवाज आला. आजी आतल्या खोलीतून म्हणाली, "चालू झाला वाटतं."

पहिला रोल काढला आणि बाथरूममध्येच धुतला. काळ्यापांढऱ्या रोलचं डेव्हलपर साधारण 20 अंशांवर वापरतात. आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात तिशीला टेकतं, आणि पाणी गरम असेल तर फिल्म भराभर काळी पडते. म्हणून बर्फाची बादली. एवढं सगळं केलं, आणि निगेटिव्ह बघतो तर प्रत्येक फ्रेमवर एक गोल धुरकट डाग. बारापैकी एकही फोटो धड नाही.

चूक माझीच. कॅमेऱ्याच्या पाठीला एक लाल खिडकी असते, तिच्यातून फोटोचा नंबर दिसतो. जुन्या काळी बऱ्याच फिल्मना लाल प्रकाश दिसतच नसे, म्हणून काच लाल. आजच्या फिल्मला लालही दिसतो. आमची काच तर उडून गुलाबी झाली होती. उपाय दोन रुपयांचा: खिडकीवर काळी चिकटपट्टी. रोल फिरवताना सावलीत उचलायची, लगेच लावायची. जी गोष्ट एका काळी सुरक्षित होती ती बाकी जग बदललं की असुरक्षित होते. ऑफिसात आम्ही ह्याला वेगळं नाव देतो, पण भानगड तीच.

हातात एकच रविवार उरला होता. आणि एकच रोल, शंभर आयएसओचा. क्लिकचं शटर सेकंदाचा साधारण तिसावा भाग उघडं राहतं. हिशोब केला, कडक उन्हात फिल्मवर हवा त्याच्या सहा-सातपट प्रकाश पडेल. म्हणून संध्याकाळ धरली. हात हलू नये म्हणून कॅमेरा गेटच्या खांबाला टेकवला.

जिना, टपालपेट्या, गच्चीवरची टाकी, स्वयंपाकघरातला कडाप्पा. अकरा झाले. बारावा गेटपाशी. आजी स्वतःच जुन्या फोटोतल्या जागी जाऊन उभी राहिली. आणि तिथून मला सांगते, "ऊन पाठीमागे घे. तुझे आजोबा तसंच घ्यायचे." मावळतीचं ऊन होतं, बाजू बदलली.

बारापैकी नऊ आले. बाराव्यात आजीच्या मागे बिल्डिंग थोडी हललीय, कडेला धूसर आहे, पण आजी स्पष्ट आहे. प्रिंट काढून जुन्या फोटोशेजारी लावला. बिल्डिंग आता पत्र्यांच्या मागे गेलीय.

तुमच्या माळ्यावरही असा एखादा डबा असेल. उघडा. आणि आत रोल असेल तर मागचं झाकण उजेडात उघडू नका, आधी कुणा जाणकाराला विचारा.

भेटू पुढच्या भागात.