बोटीवरचे भंडारी : आमचे बाबा

सोसायटीच्या पहिल्या कोजागिरीला मसाला दूध आटवणारे आमचे बाबा जुन्या सभासदांना आठवत असतील. ते बोटीवर भंडारी होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. इथे भंडारी म्हणजे जात नव्हे. मालवाहू बोटीवर आपल्याकडच्या खलाशांचं जेवण रांधणारा तो भंडारी. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं तेव्हा बोटीवर असायची, त्यातलेच बाबा.

जून १९६७ मध्ये अरब-इस्राएल युद्धामुळे सुएझ कालवा बंद झाला, तो थेट १९७५ पर्यंत. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींना सगळ्या आफ्रिकेला वळसा पडू लागला. बाबांची सफर लांबली आणि त्याच सफरीत गावी आजी गेली. तार मिळाली तेव्हा बोट लंडनच्या गोदीत. तेराव्यालाही पोचता आलं नाही. बाबा एकदाच म्हणाले होते, "त्या दिवशीपण चाळीस जणांचा भात केला. भुकेला सुतक नसतं रे."

ते घरी आले की मी आईमागे लपायचो. पाहुणेच वाटायचे ते!

निवृत्तीनंतर आम्ही इथे राहायला आलो. कुणाच्या घरी वाईट घडलं की पिठलं-भाताचा पहिला डबा बाबांचा जायचा. का, ते मला फार उशिरा कळलं.

आज बाबा नाहीत. त्यांचा पितळी झारा सोसायटीच्या भांड्यांत आहे. येत्या कोजागिरीला तोच काढा.