लॅपटॉपसाठीचे ध्वनिक्षेपक

लॅपटॉपसाठीचे ध्वनिक्षेपक (प्रचलित शब्द: स्पीकर) ही लॅपटॉप संगणकाला तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडली जाणारी आणि त्याच्याकडून आलेल्या संकेतांचे ध्वनीत रूपांतर करणारी बाह्य उपकरणे होत. लॅपटॉपमध्ये अंतर्गत ध्वनिक्षेपक असतातच. परंतु यंत्राच्या कमी जाडीमुळे त्यांच्या आवाजाला, विशेषतः खर्जाला, मोठी मर्यादा पडते. बाह्य ध्वनिक्षेपकाची गुणवत्ता खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरून ठरत नाही. पटलाचा आकार, पेटीची रचना, जोडणीचा प्रकार आणि खोलीतील मांडणी हे तिचे प्रमुख घटक आहेत.

पार्श्वभूमी

आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांत चल-कुंडल पद्धत वापरली जाते. या पद्धतीचे एक आरंभीचे पेटंट ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी इ.स. १८९८ मध्ये घेतले. इ.स. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी मांडलेली रचना पुढे जगभर रूढ झाली. इ.स. १९८१ मधील आयबीएम पीसी या संगणकात केवळ साधे सूचक स्वर काढणारा लहान ध्वनिक्षेपक होता. इ.स. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या साउंड ब्लास्टरसारख्या ध्वनिपत्रांमुळे (साउंड कार्ड) संगणकावर संगीत ऐकणे शक्य झाले आणि संगणकासाठी स्वतंत्र स्पीकर घेण्याची पद्धत रुळली. नंतर ध्वनिपत्राचे काम लॅपटॉपच्या मुख्य मंडलातच सामावले गेले, तरी बाह्य ध्वनिक्षेपकांची गरज कायम राहिली.

कार्यपद्धती

ध्वनिक्षेपकात एका हलक्या पटलाला तारेचे कुंडल चिकटवलेले असते आणि ते कायमचुंबकाच्या क्षेत्रात बसवलेले असते. कुंडलातून बदलता विद्युत प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर पटल हलते आणि हवेत ध्वनितरंग निर्माण होतात.

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, तर २०,००० हर्ट्झच्या स्वराची सुमारे १७ मिलिमीटर भरते. खालचा स्वर तितक्याच तीव्रतेने निर्माण करण्यासाठी पटलाला अधिक हवा हलवावी लागते. वारंवारता निम्मी झाली, तर त्याच पटलाला चौपट अंतर हलावे लागते. लॅपटॉपच्या आत पटलाला हलण्यासाठी काही मिलिमीटरचीही जागा नसते. त्यामुळे अंतर्गत ध्वनिक्षेपकांत खर्ज लोपतो. ही उणीव सॉफ्टवेअरने काही अंशी झाकता येते, पूर्णपणे भरून काढता येत नाही.

तरीही लॅपटॉपवर गायकाचा आवाज ओळखू येतो. मूळ वारंवारता ऐकू आली नाही, तरी तिच्या पटीतील वरच्या स्वरकांवरून मेंदू स्वराचा अंदाज घेतो, हे त्याचे कारण होय. स्वर असा कळला, तरी डग्ग्याचा घुमारा किंवा पखवाजाचे भारदस्तपण मात्र त्यातून मिळत नाही.

प्रकार

ध्वनिक्षेपक संचांचे वर्गीकरण बिंदूने विभागलेल्या दोन अंकांनी करतात. पहिला अंक मुख्य वाहिन्यांची, तर दुसरा केवळ खर्जासाठी असलेल्या सबवूफरची संख्या दाखवतो.

२.० संच: डावा व उजवा असे दोन ध्वनिक्षेपक. वाचनाच्या मेजासाठी हा संच सर्वांत सुटसुटीत ठरतो.

२.१ संच: दोन लहान ध्वनिक्षेपक व एक सबवूफर. खर्ज भरपूर मिळतो. मात्र सबवूफर व लहान ध्वनिक्षेपक यांच्यातील दुवा नीट साधलेला नसल्यास मधले स्वर पोकळ वाटतात.

५.१ संच: चित्रपटांसाठी श्रोत्याभोवती मांडायचे पाच ध्वनिक्षेपक व एक सबवूफर. केवळ दोन वाहिन्यांचा ध्वनी बाहेर देणाऱ्या लॅपटॉपला असा संच जोडून त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही.

साउंडबार: एकाच लांबट पेटीत बसवलेले ध्वनिक्षेपक. जागा कमी लागते. परंतु डाव्या-उजव्या बाजूंतील अंतर थोडे असल्याने ध्वनीचा विस्तार मर्यादित राहतो.

स्टुडिओ मॉनिटर: ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी बनवलेले, मूळ ध्वनीत शक्यतो भर किंवा घट न करणारे ध्वनिक्षेपक.

ज्यांच्या पेटीतच विवर्धक (ॲम्प्लिफायर) असतो त्यांना सक्रिय, तर ज्यांना वेगळा विवर्धक लागतो त्यांना निष्क्रिय ध्वनिक्षेपक म्हणतात. लॅपटॉपसाठी बहुधा सक्रिय प्रकार वापरला जातो.

निवडीचे निकष

शक्ती: विद्युत शक्ती आरएमएस वॅटमध्ये दिली असेल, तर ती सलगपणे मिळणाऱ्या शक्तीची कल्पना देते. पीएमपीओ या नावाने छापल्या जाणाऱ्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही, त्यामुळे त्यावरून दोन संचांची तुलना करता येत नाही. यूएसबी २.० च्या प्रमाणानुसार पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट शक्ती मिळते. केवळ अशा पोर्टवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या खोक्यावर शेकडो वॅट छापलेले असले, तरी सलग मिळणारी शक्ती २.५ वॅटच्या आतच राहते. यूएसबी-सी प्रकारचे काही पोर्ट याहून अधिक शक्ती पुरवतात.

संवेदनक्षमता: एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल ध्वनी मिळतो, याचे हे माप आहे. शक्ती दुप्पट केल्याने तीव्रता केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेलची, म्हणजे दहापट शक्तीची वाढ लागते. ८४ डेसिबेल संवेदनक्षमतेच्या ध्वनिक्षेपकाला ९४ डेसिबेल गाठण्यासाठी १० वॅट लागतात, तर ८८ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकाला ४ वॅट पुरतात.

वारंवारता प्रतिसाद: ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ एवढाच उल्लेख फारसा उपयोगी नसतो. त्यापुढे ‘± ३ डेसिबेल’ अशी मर्यादा दिलेली असेल, तरच संपूर्ण पट्ट्यात आवाज किती समतोल आहे हे कळते. मूठभर आकाराच्या पेटीसाठी २० हर्ट्झचा दावा केलेला असल्यास तो साशंकतेने पाहावा.

पटल व पेटी: १० सेंटिमीटर व्यासाच्या पटलाचे क्षेत्रफळ ४ सेंटिमीटरच्या पटलाच्या सहापटीहून अधिक असते. पेटी दणकट असावी. बोटाने ठोकल्यावर ती पोकळ वाजत असेल, तर वादनाच्या वेळीही ती स्वतःचा आवाज मिसळते. खर्ज वाढवण्यासाठी काही पेट्यांना छिद्र ठेवलेले असते. अशी पेटी भिंतीला चिकटवून ठेवल्यास आवाज गढूळ होण्याची शक्यता असते.

उपयोग: मानवी बोलणे समजण्यासाठी लागणारा बराचसा भाग ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, पारंपरिक दूरध्वनी याच पट्ट्यावर चालत असे. त्यामुळे शांत खोलीत व्याख्याने किंवा बातम्या ऐकण्यासाठी लॅपटॉपचे अंतर्गत ध्वनिक्षेपक बहुधा पुरेसे ठरतात. संगीत, चित्रपट किंवा वर्गातील सामूहिक श्रवण यांसाठी बाह्य संचाची आवश्यकता भासते.

जोडणी

३.५ मिलिमीटर जॅक: सर्वांत सोपी व स्वस्त जोडणी. अंकीय संकेताचे सादृश संकेतात रूपांतर लॅपटॉपमध्येच होते. चार्जर लावल्यावर घुं असा आवाज येत असेल, तर काही वेळ चार्जर काढून पाहावे. आवाज थांबल्यास दोष बहुधा भूसंपर्काच्या वलयात (ग्राउंड लूप) असतो. त्यासाठी ध्वनिमार्गात विलगक (आयसोलेटर) बसवता येतो. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय धोकादायक असल्याने तो कधीही करू नये.

यूएसबी: ध्वनी अंकीय स्वरूपात जातो व रूपांतर ध्वनिक्षेपकात होते. काही संच यूएसबीतून केवळ वीज घेतात आणि ध्वनीसाठी जॅकच वापरतात. खरेदीपूर्वी हा भेद तपासावा.

ब्लूटूथ: वायरची अडचण नसते, परंतु ध्वनी संक्षिप्त करून पाठवला जातो. एसबीसी हा कोडेक सर्वत्र चालतो. एएसी, ॲप्टएक्स किंवा एलडॅक यांचा लाभ लॅपटॉप व ध्वनिक्षेपक या दोहोंत तो कोडेक असेल तरच मिळतो. ब्लूटूथमुळे आवाज थोडा उशिरा पोहोचतो. चित्रफीत पाहताना सॉफ्टवेअर हा विलंब बहुधा सांधून घेते. खेळ खेळताना किंवा वाद्य वाजवताना मात्र तो जाणवतो.

मांडणी

दोन ध्वनिक्षेपक व श्रोता मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि ध्वनिक्षेपकांची तोंडे श्रोत्याकडे वळलेली असावीत. उच्च स्वरांचे लहान पटल कानाच्या उंचीवर असावे. मेज बुटके असल्यास ध्वनिक्षेपक किंचित वर तिरपे ठेवावेत. भिंतीजवळ, विशेषतः कोपऱ्यात, खर्ज वाढतो. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. पडदे, गालिचा व पुस्तकांची कपाटे यांमुळे तो आटोक्यात येतो. महाग संचाची चुकीची मांडणी केली, तर नीट मांडलेला मध्यम किमतीचा संच अधिक चांगला ऐकू येऊ शकतो.

श्रवणचाचणी

हार्वी फ्लेचर व विल्डेन मन्सन यांनी इ.स. १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज तुलनेने कमी ऐकू येतो. त्यामुळे दोन संचांची तुलना करताना ज्याचा आवाज किंचित मोठा असतो, तो अनेकदा अधिक भरदार व चांगला वाटतो. तुलनेपूर्वी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा.

चाचणीसाठी परिचयाचे ध्वनिमुद्रण वापरावे. एकट्या मानवी आवाजाचे ध्वनिमुद्रण लावल्यास तो नाकात किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतो का, हे ध्यानात येते. तबल्याच्या ध्वनिमुद्रणात चाटीवरचा स्पष्ट ठोका आणि डग्ग्याची घसीट वेगवेगळी ऐकू यावी. तानपुऱ्याची जवार सलग राहावी. शेवटी आवाज हळूहळू वाढवत न्यावा. पेटी खडखडू लागते किंवा स्वर फाटतो ती त्या संचाची व्यावहारिक मर्यादा होय. रोजच्या श्रवणाची पातळी या मर्यादेच्या बरीच खाली राहत असेल, तर तो संच त्या खोलीसाठी पुरेसा समजावा.