कांद्याची पेठ आणि परदेशांचे अध्ययन

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळचा लिलाव सुरू झाला, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्या वाहनाकडे सरकत जातो. कुणी कांदा उचलून त्याची पत्ती डबल आहे की नाही ते पाहतो, कुणी बोटाने दाबून त्याचा टणकपणा अजमावतो, आणि एका ट्रॉलीचा निकाल मिनिट-दोन मिनिटांत लागून जातो. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरविणारा तो आकडा मात्र निफाड तालुक्यात जन्मलेला नसतो. ढाक्यातील मागणी, कोलंबोतील आयात-जकात, दुबईतील पाकिस्तानी कांद्याची आवक आणि दिल्लीचा हुकूम या सर्वांचा हिशेब त्यात अगोदरच झालेला असतो. ज्या गावाचे दैव असे चार देशांच्या कारभारात गुंतलेले आहे, त्या गावाच्या मुलखात त्या देशांचे शास्त्रशुद्ध अध्ययन कुणी, केव्हा आणि कशासाठी केले, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांचा राहत नाही.

परमुलखाची माहिती ठेवण्याची वहिवाट मराठ्यांना नवी नव्हती. पुण्याच्या दरबाराचे वकील हैदराबादेत, दिल्लीत व श्रीरंगपट्टणात बसून तेथील फौजा, खजिना, रुसवेफुगवे आणि बाजारभाव यांची पत्रे नियमाने रवाना करीत, आणि त्या कागदांनी पेशवे दप्तराचे रुमाल आजही भरलेले आहेत. पण ही नजर बहुधा हिंदुस्थानच्या सीमेपाशी थांबे. ती सागरापार गेल्याचा एक ठळक प्रसंग १७८१ चा. ज्या राघोबादादांची आनंदवल्ली नाशिकच्या गोदाकाठी होती, त्यांनी पेशवेपदाच्या वादातील आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलास मानियार पारशी याच्यासह थेट लंडनला धाडले. तेथे पार्लमेंटाचे सभासद एडमंड बर्क यांनी या पाहुण्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या वाड्यावर नेले आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. इतक्या दूरचे राज्य आणि त्याची राजसभा प्रत्यक्ष पाहून आलेल्या माणसाकडून दरबाराने काही शिकून घ्यावे, ते राहिलेच. स्वदेशी परतल्यावर त्यास समुद्रगमनाचे प्रायश्चित्त मात्र घ्यावे लागले. परदेशाचे ज्ञान हा आपल्याकडे दीर्घकाळ गुणापेक्षा दोषच गणला गेला, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

विद्यापीठीय विद्याशाखा म्हणून क्षेत्र-अध्ययनाचा, म्हणजे एखाद्या भूभागाची भाषा, इतिहास, अर्थकारण व राजकारण यांच्या एकत्रित अभ्यासाचा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि तो ज्ञानलालसेपेक्षा गरजेपोटी झाला. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडताच हादरलेल्या अमेरिकेने पुढल्याच वर्षी संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा केला आणि त्यातील सहाव्या प्रकरणाखाली परकीय भाषांच्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. योगायोग असा, की याच सुमारास पीएल ४८० या नावाने आपल्या परिचयाचा झालेला अमेरिकन गहू हिंदुस्थानात येत होता, त्याची किंमत रुपयांत जमा होत होती, आणि १९६२ पासून त्या रुपयांतून आपल्या भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचविण्याची तजवीज झाली. शिधापत्रिकेवरचा गहू आपल्या पोटात गेला आणि आपली पुस्तके त्यांच्या कपाटात गेली. धान्याच्या व्यापारातून विद्येचा व्यापार कसा उभा राहतो, याचा हा वस्तुपाठ लासलगावसारख्या पेठेने तरी विसरू नये.

या उद्योगाचे हिंदुस्थानातील एक महत्त्वाचे ठाणे आपल्याच पुण्यात होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे कार्यालय प्रारंभी डेक्कन कॉलेजात होते. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर प्रबंध लिहिला, तेव्हा आपल्या विद्यापीठांतील फार थोड्यांना त्या विषयाचे महत्त्व उमगले होते. आणि हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांतून आणि खंडोबाच्या जत्रांतून हिंडले, तेव्हा आपल्या सुशिक्षितांपैकी कित्येकांनी ती दैवते खेडवळ म्हणून बाजूला सारली होती. परक्याने आपला अभ्यास करावा, तो सखोल करावा आणि आपण तो कौतुकाने वाचावा, हे सारे ठीकच. पण आपण परक्याचा असा अभ्यास किती केला, हे विचारल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही.

तो अगदीच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४३ मध्ये दिल्लीत इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स स्थापन झाली, पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी तिची धुरा दीर्घकाळ वाहिली, आणि तिच्याच आश्रयाने १९५५ मध्ये सप्रू हाउसात इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. मुंबई विद्यापीठात १९७१ मध्ये आफ्रिका-अध्ययनाचे केंद्र निघाले, सोव्हिएत अध्ययनाचेही निघाले. सोव्हिएत राज्य लयास गेल्यावर त्या दुसऱ्या केंद्राला मध्य युरेशियाचे नाव घ्यावे लागले. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परकीय भाषांचे वर्ग भरतात आणि विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा विभाग आहे.

या परंपरेतील एक थोर नाव नाशिकचेच आहे. ‘उध्वस्त धर्मशाळा’ या नाटकामुळे मराठी रसिकांना ज्ञात असलेले गो. पु. देशपांडे यांचा जन्म १९३८ मध्ये नाशिकला झाला. त्यांची उपजीविका आणि व्यासंग मात्र चीनच्या अध्ययनाचा होता, आणि दिल्लीच्या त्याच विद्यापीठात त्यांनी तो विषय आयुष्यभर शिकविला. मराठी वाचकाने त्यांच्यातला नाटककार उचलून धरला आणि चीनचा जाणकार दिल्लीकडे सोपवून दिला, ही निवडही आपल्या अभिरुचीविषयी बरेच काही सांगून जाते.

या सर्व संस्थांचे तोंड परराष्ट्र खात्याकडे, सीमेकडे आणि महासत्तांकडे राहिले. पेठेकडे ते क्वचितच वळले. वास्तविक पेठ त्याच काळात परदेशांशी अधिकाधिक जखडली जात होती. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, म्हणजे स्वराज्याच्याच वयाची. १९७४ मध्ये कांद्याची निर्यात नाफेडमार्फतच करण्याचे ठरले, तेव्हापासून परदेशी गिऱ्हाइकाची आवडनिवड ही सरकारी दप्तरातली बाब झाली. २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प उभारला. हेतू असा, की कोबाल्टच्या किरणांनी साठवणुकीतल्या कांद्याला कोंब येऊ नयेत. पण त्याची कीर्ती झाली ती आंब्याने. अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंब्याला दार बंद केले होते, कारण कोयीत दडणाऱ्या किडीची त्यांना धास्ती होती. पुढे त्यांच्या कृषी खात्याने या प्रकल्पास मान्यता दिली, आणि २००७ मध्ये कोकणातला हापूस कांद्याच्या गावाला येऊन, किरणांची मात्रा घेऊन अमेरिकेस रवाना झाला. परक्या देशाचा कायदा बारकाईने वाचला, तर अठरा वर्षांचे कुलूप निघते, हे याच गावाने पाहिले.

आणि तो न वाचल्यास काय होते, हेही याच गावाने पाहिले. १४ सप्टेंबर २०२० रोजी निर्यातबंदीचा हुकूम निघाला, तेव्हा कांद्याने भरलेले ट्रक बांगलादेशाच्या सीमेवर खोळंबले आणि कंटेनर बंदरात अडकले. त्याच्या आदल्या वर्षीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत हसतहसत तक्रार केली होती, की असा निर्णय घेताना आगाऊ कळवीत जा, मला आचाऱ्यास कांद्यावाचून रांधायला सांगावे लागले. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी आली. अशा प्रत्येक हुकमानंतर दोन-चार दिवस लिलाव बंद पडतात, शेतकरी रस्त्यावर येतात, भाव पडतात, हे वर्तमानपत्रांत येते. ढाक्याच्या गिऱ्हाइकाने त्या काळात कुठली नवी वाट शोधली, तेथील सरकारने स्वतःच्या शेतकऱ्यास पेरणीसाठी काय दिले, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येते का, या प्रश्नांची उत्तरे वर्तमानपत्रांच्या आवाक्याबाहेरची आहेत. ती शोधणे हेच क्षेत्र-अध्ययनाचे काम. त्यासाठी बांगला वाचता आली पाहिजे, सिंहली अर्थसंकल्प कळला पाहिजे आणि मलायातील पेठेत चार महिने काढले पाहिजेत.

अमेरिकेने रशियाच्या भयाने परभाषा शिकल्या, दिल्लीने राजदूतांसाठी संस्था काढल्या. आपल्याला त्याहून साधे आणि पोटाचे निमित्त आहे. लासलगाव ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते, त्याने बांगलादेश, श्रीलंका व आखाती देश यांचे एक छोटे अध्ययन-केंद्र, प्रारंभी दोन अध्यापक आणि एक बांगला शिक्षक एवढ्यावर का होईना, नाशिक जिल्ह्यात काढावे, आणि त्याचे वर्ग शक्य तो दुपारी भरवावेत. सकाळच्या वेळी त्याचे विद्यार्थी लिलावात असतील.