एका कारखान्याचे दोन हिशेब

इतिहास म्हटला म्हणजे आपणापुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु श्रोतेहो, ज्या पिंपरी-चिंचवडात आम्ही कामगार चळवळीचे धडे गिरविले, तेथील इतिहास कारखान्यांच्या वार्षिक हिशेबांतही लिहिलेला आहे. तो कामगाराने वाचावा, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

१९४५ साली निघालेल्या टेल्को कंपनीने जमशेदपुरास आगगाडीची इंजिने व १९५४ पासून जर्मन डेमलर-बेन्झच्या सहकार्याने मालमोटारी बनविल्या. १९६६ साली ती पुण्यास आली. आधी यंत्रे, साचे आणि शिकाऊ उमेदवार तयार करावयाचे, मग मोटारी, असा सुमंत मुळगावकरांचा क्रम होता. २००३ साली टेल्कोची टाटा मोटर्स झाली.

२०००-०१ साली कंपनीस ५०० कोटी रुपयांचा तोटा आला. मालमोटारींचा खप घसरला होता, इंडिकेवरचा खर्च भरून निघावयाचा होता. तोट्याचे कारण व परिणाम दोन्ही येथेच होते, म्हणून कामगारास तो समजला.

२००८ साली मात्र कंपनीने २.३ अब्ज डॉलर मोजून फोर्डकडून जग्वार व लँड रोव्हर हे विलायती कारखाने घेतले. पुढच्या काही महिन्यांतच अमेरिकेतील पेढ्या कोसळल्या. नोव्हेंबरात पिंपरीचा मालमोटार कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला. त्या वर्षीच्या अहवालात दोन आकडे आले: कंपनीचा स्वतःचा नफा १,००१ कोटी, आणि विलायतेसह एकत्रित तोटा २,५०५ कोटी!

एकत्रित हिशेब म्हणजे काय? एकत्र कुटुंबात थोरल्याचे शेत करपले आणि धाकट्याचे मुंबईतले दुकान चालले, तर बेरीज बरी दिसते. पण तेवढ्याने थोरल्याच्या चुलीवर भाकरी भाजते असे नाही.

मंदी सर्वत्र एकदम आली, परंतु गेली मात्र एकदम नाही. चीनने चार लाख कोटी युआनची योजना आखून धंदा लवकर सावरला. युरोप कर्जाच्या ओझ्याखाली पुन्हा वाकला. आपल्याकडे २००९-१० साली दोन्ही हिशेबांत नफा दिसला, पण पुढे व्याजदर चढले, कर्नाटक व गोव्यात खाणी बंद पडल्या, आणि २०१२ नंतर सलग दोन वर्षे जड मालमोटारींचा खप घसरला. तिकडे चिनी श्रीमंतांनी विलायती मोटारी घेतल्या. २०१४-१५ साली कंपनीचा स्वतःचा तोटा ४,७३९ कोटी होता, तर एकत्रित नफा १३,९८६ कोटी. भागधारकांस त्या वर्षी लाभांशही मिळाला नाही.

चार वर्षांनी फासे उलटे पडले. चीनमधील खप घसरला, विलायती कारखान्यांची किंमत पुस्तकात कमी करावी लागली, आणि २०१८-१९ साली एकत्रित तोटा २८,८२६ कोटींवर गेला. स्वतःच्या हिशेबात मात्र २,०२१ कोटींचा नफा होता.

यातून आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, वेतनकराराच्या मेजावर सोयीचा आकडा पुढे करण्याचा मोह दोन्ही पक्षांस होतो. पहिल्या वर्षी संघटनेने १३,९८६ कोटींकडे बोट दाखविणे जितके अपुरे, तितकेच दुसऱ्या वर्षी कोणत्याही मालकाने २८,८२६ कोटींचा बागुलबुवा उभा करणे अन्यायाचे. येथला घाम ज्या वहीत जमा होतो, ती वही आधी उघडावी. दुसरी भविष्यासाठी वाचावी, कारण कर्ज व गुंतवणुकीचे निर्णय तिच्यावरूनही होतात.

हे वाचन कायम कामगारापुरतेच नाही. पिंपरीतील जोडणी थांबली की भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत सुटे भाग पडून राहतात, आणि सर्वांआधी घरी बसतो तो ठेकेदाराचा मजूर. त्याचे नाव या दोन्ही हिशेबांत कोठेच नसते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून मालमोटारी एका कंपनीत व मोटारगाड्या, विलायती कारखान्यांसह, दुसऱ्या कंपनीत गेल्या आहेत. वह्या पुन्हा बदलल्या. त्या वाचावयास संघटनेच्या कचेरीत दर वर्षी एक संध्याकाळ राखून ठेवावी, ही आमची विनंती.