थाळीतला घुमारा

मार्गशीर्ष लागला की कळवणच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाची माणसं नाचत फिरू लागतात. दुधी भोपळा, वेळूच्या नळ्या आणि शिंगाचं तोंड अशी पावरी पुढे, मागे नाचणाऱ्यांचं रिंगण. पावरी लांबून ऐकू येते. मला मागोवा घ्यायचाय तो तिच्याहून अबोल वाद्याचा. थाळीचा.

काशाची थाळी. तिच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात वाळकी गुळगुळीत काडी उभी रोवलेली. थाळकऱ्या काडी चिमटीत धरतो आणि बोटं वरून खाली ओढत आणतो. काडी थरथरते, ती थरथर मेणातून काशात उतरते आणि थाळी घुमू लागते. सा नाही, रे नाही, एकच लांब घुमारा. त्यावर रात्रभर कथा चालते. घासलेल्या दांडीतून स्वर काढायची हीच युक्ती वापरून जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी १७९० मध्ये काचेच्या दांड्यांचं वाद्य केलं. इथल्या डोंगरात त्यासाठी मेण आणि काडी पुरली.

ही थाळी कोकणा समाजाची. दुर्गादेवीच्या दुष्काळात, म्हणजे १३९६ च्या सुमारास, हे लोक कोकणातून डोंगर चढून वर आले, अशी समजूत जुन्या नोंदींत आहे. ती खरी असेल, तर सोबत भांडी किती आणता आली असतील? जेवायचं भांडंच देवाचं वाद्य होतं, यात मला त्या वाटचालीची खूण दिसते.

कोकणा समाजाबाहेरही थाळीचा माग निघतो, उत्तरेला थेट राजस्थानात. खैराचा कात पाडायला महाराष्ट्रातून गेलेले कातकरी उदयपूरच्या डोंगरात वसले. तिथे त्यांना कथोडी म्हणतात. त्यांच्याकडे पावरी आहे आणि ‘थालीसर’ही आहे, देवाच्या स्तुतीला आणि माणूस गेल्यावर वाजणारी. भाषा बदलली, मुलूख बदलला, थाळी मात्र राहिली.

इकडे कोकणा पाड्यांवर कथेआधी नमन. धरतरी, कणसरी म्हणजे धान्याची देवी, गावदेव, डोंगर, सगळ्यांना हाक जाते. मग कथा. त्यात रामही येतो, पण जंगलातल्या माणसांच्या ओळखीचा होऊन. डाह्याभाई वाढू यांनी जमवलेली ही कोकणा रामकथा गणेश देवींच्या ‘पेंटेड वर्ड्स’ (२००२) या संग्रहातून इंग्रजीत पोचली.

कळवण तालुक्यातच सप्तशृंगीचा गड आहे. देवीची मान किंचित कललेली. समोरच्या मार्कंड्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करायचे, तो ऐकायला ती कलली, असं सांगतात. सातशे संस्कृत श्लोक, गोंधळ्याचं संबळ आणि पाड्यावरची थाळी, तिन्ही एकाच डोंगररांगेत. ऐकणाऱ्या देवीची मूर्ती ज्यांनी मनात धरली, त्यांना दुसऱ्याचं गाणं परकं वाटलं नसावं.

१ मे १९६० ला राज्याची हद्द आखली गेली आणि सुरगाण्यापलीकडचं डांग गुजरातेत गेलं. थाळी दोन्हीकडे राहिली. १९९८ च्या डिसेंबरात त्याच डांगात ख्रिस्ती आदिवासींची प्रार्थनाघरं जाळली गेली. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. ज्यांची प्रार्थनाघरं गेली त्यांचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे आजे एकाच थाळीपुढे रात्र जागलेले असणार. नमनात सगळ्यांची नावं घेणारी ती रीत माणसांना इतक्या लवकर विसरायला लावता येते, हे मला कधीच पटणार नाही.

माणूस गेल्यावरही थाळी बसते. अंगणात शेकोटी, घोंगड्या, पेंगुळलेली पोरं. थाळकऱ्या ओळ संपवून श्वास घ्यायला थांबतो. सोबती ओळ उचलेपर्यंत कुणीच बोलत नाही. हात काडीवरून उतरतच असतो आणि तेवढा वेळ अंगणात फक्त काशाचा घुमारा असतो.