टायबरकाठी पडलेला पळसगावकर

आपल्या वसाहतीचे नाव स्मृतिनगर. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या आठवणी गोळा होत असताना, आपल्याहूनही दूर गेलेल्या आणि परत न आलेल्या एका मराठी माणसाचे स्मरण करावे असे मनात आले. नाईक यशवंत घाडगे हे ते नाव. १० जुलै १९४४ रोजी, अवघ्या बावीस वर्षांचे असताना, ते इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. जर्मन सेना उत्तरेकडे हटत होती. परंतु डोंगराची प्रत्येक सोंड ती लढवीत होती. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन पुढे सरकत होती, आणि तीतच पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे सोबती ठार वा जायबंदी झाले. ते एकटेच मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी तोफ व ती चालविणारा निकामी केला, दुसऱ्यास गोळी घातली आणि काडतुसे भरण्यास उसंत नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळविले. त्याच मोर्चात शत्रूच्या दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांचा अंत झाला.

सन्मानपत्र सांगते ते इतकेच. बावीस वर्षांच्या आयुष्यातील ही काही मिनिटे होत! तेथून मागे माणसापर्यंत जायचे, तर इतर कागदांची वाट धरावी लागते, आणि ती वाट सरळ नाही. रोमन लिपीतील नावावरून घाडगे की घाटगे, हा पहिला संभ्रम. माणगाव तालुक्यातील पळसगाव हे त्यांचे गाव. पण त्या काळच्या कागदांत जिल्हा कुलाबा आहे, तो १९८१ पासून रायगड झाला. पलटणीचा माग घ्यावा, तर १९५२ मध्ये तिसऱ्या मराठा पलटणीची पॅराशूट रेजिमेंटमधील दुसरी पलटण झाली. म्हणून मराठा रेजिमेंटच्या आजच्या यादीत ती शोधणारा फसतो. समाधी शोधावी, तर समाधीच ज्ञात नाही. ते पडले रोमच्या उत्तरेस, आणि नाव कोरले आहे रोमच्या दक्षिणेस, कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या पंक्तीत.

माणगावी त्यांचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने गावानेही जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावे छायाघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्यावर आहे. ज्या भूमीत हा कोकणचा मुलगा पडला, त्या भूमीने त्याला आपला मानावे, याहून मोठा सन्मान कोणता?

इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिकांनी प्राण वेचले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते केवळ सहांना. उरलेल्यांसाठी सरकारी दप्तरात नाव, हुद्दा, पलटण आणि मृत्युदिन एवढीच ओळ येते. ती ओळ माणसात रूपांतरित करण्याचे सामर्थ्य दप्तरात नसते. ते घरच्या पेटीतील पत्रात, छायाचित्रात आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असते.

हे आपल्यालाही लागू नाही काय? १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. त्या काळी मुलूख सोडून येथे आलेल्या पिढीचीही कारखान्याच्या दप्तरात अशीच एक ओळ असेल : रुजू झाल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख. गाव का सोडले, पहिला पावसाळा कसा काढला, घरी पहिली मनिऑर्डर केव्हा धाडली, हे त्या ओळीत मिळणार नाही. ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की ही स्मरणिका मिटल्यावर घरातील ज्येष्ठांजवळ वही घेऊन बसावे. यशवंत घाडगे यांना तशी संधी लाभली नाही. आपल्याला ती अजून आहे.