पॉइंटर कुत्र्यांसह बॉबव्हाइट लाव्याची शिकार

पॉइंटर कुत्र्यांसह बॉबव्हाइट लाव्याची शिकार हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातील एक पारंपरिक शिकारप्रकार आहे. या शिकारीत कुत्रा पक्षी पकडत नाही व उडवतही नाही. गवतात दबून बसलेला थवा तो वासावरून शोधतो आणि शिकारी जवळ येईपर्यंत जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. या उभे राहण्यास 'पॉइंट' म्हणतात. जॉर्जियातील टॉमसव्हिल आणि फ्लोरिडातील टॅलाहासी या शहरांदरम्यानचा रेड हिल्स प्रदेश या शिकारीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. १९६६ नंतरच्या पक्षिगणनांनुसार बॉबव्हाइटची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली असून, या शिकारीचे भवितव्य आता पक्ष्याच्या अधिवासाच्या संवर्धनावर अवलंबून आहे.

पक्षी

बॉबव्हाइट (शास्त्रीय नाव: कोलायनस व्हर्जिनिॲनस) हा जमिनीवर राहणारा लहान, गोलसर पक्षी आहे. त्याची लांबी साधारण २५ सें.मी. असते. भारतात आढळणाऱ्या लाव्यांशी त्याचे दिसण्यात साम्य असले तरी तो ओडोंटोफोरिडी या वेगळ्या कुळातील आहे. वसंत ऋतूत नर 'बॉब-व्हाइट' अशी शीळ घालतो. त्यावरून पक्ष्याला हे नाव मिळाले.

हिवाळ्यात हे पक्षी साधारण १० ते १५ जणांच्या थव्याने राहतात. रात्री सर्व पक्षी शेपट्या आत व डोकी बाहेर ठेवून वर्तुळाकार बसतात. त्यामुळे ऊब टिकते आणि धोका आल्यास प्रत्येकास आपल्या दिशेने उडता येते. दिवसा शत्रू जवळ आल्यास ते प्रथम दबून बसतात व अगदी शेवटच्या क्षणी एकदम उडतात. पॉइंटरची शिकार पक्ष्याच्या या सवयीमुळेच शक्य होते.

कुत्र्यांच्या जाती

'पॉइंटर' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एका अर्थाने ते आखूड केसांच्या एका विशिष्ट जातीचे नाव आहे. दुसऱ्या अर्थाने पॉइंट धरणाऱ्या सर्व जातींसाठी ते सामान्यनाम आहे. बॉबव्हाइटच्या शिकारीत मुख्यतः पॉइंटर व इंग्लिश सेटर वापरले जातात. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर व ब्रिटनी या जातीही लोकप्रिय आहेत.

सेटर जातीचे पूर्वज बंदुकीच्या शिकारीपूर्वी जाळ्याच्या शिकारीत वापरले जात. पक्षी सापडताच कुत्रा खाली बसे आणि शिकारी जाळे ओढत पुढे नेऊन पक्ष्यांवर टाकत. इंग्रज वैद्य जॉन कायस यांच्या १५७० सालच्या लॅटिन ग्रंथात अशा कुत्र्याचा उल्लेख 'इंडेक्स' या नावाने आढळतो.

पॉइंट

पॉइंट ही उपजत प्रवृत्ती आहे. भक्ष्यावर झेप घेण्यापूर्वी हिंस्र प्राणी क्षणभर थांबतो. हाच क्षण निवडक पैदाशीने लांबवला गेला, असे सामान्यतः मानले जाते. काही आठवड्यांचे पिल्लूही पक्ष्याच्या पिसाकडे पाहून पॉइंट धरू शकते. परंतु हे डोळ्यांनी पाहून धरलेले असते; शिकारीत कुत्र्याने वासावर पॉइंट धरणे अपेक्षित असते. त्यामुळे दोरीला बांधलेल्या पंखाचा खेळ पिल्लाशी फार काळ खेळू नये, असे प्रशिक्षक सांगतात.

प्रशिक्षण

पॉइंट शिकवावा लागत नाही. मोह आवरून तो टिकवणे शिकवावे लागते. प्रशिक्षणाचे सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

ओळख: पिल्लाला मोकळ्या रानात फिरवून गवत, पाणी व पक्षी यांची सवय लावली जाते. बंदुकीचा आवाज प्रथम दुरून, हलका आणि पिल्लू पक्ष्यामागे धावण्यात दंग असताना ऐकवतात. घाईने मोठा आवाज ऐकवल्यास कुत्रा बंदुकीला कायमचा बुजू शकतो आणि हा दोष घालवणे अत्यंत कठीण असते.

'थांब'ची आज्ञा: लांब दोरीच्या साहाय्याने कुत्र्याला आज्ञा होताच उभे राहण्यास शिकवतात. ही आज्ञा आधी पक्ष्यांपासून दूर, अंगणात पक्की केली जाते.

पक्ष्यांवरील सराव: कबुतर दुरून उघडता येणाऱ्या पिंजऱ्यात ठेवून तो गवतात लपवतात. कुत्रा पॉइंट मोडून पुढे सरकताच पिंजरा उघडून पक्षी उडवला जातो. पुढे गेल्यास पक्षी निसटतो, हे कुत्रा अनुभवाने शिकतो. पाळीव व नीट न उडणारा पक्षी कुत्र्याच्या तोंडी लागल्यास याउलट धडा मिळतो.

स्थैर्य: पक्षी उडाला, बंदूक वाजली तरी पूर्ण तयार कुत्रा आज्ञेशिवाय हलत नाही.

बॅकिंग: एका कुत्र्याने पॉइंट धरल्याचे दिसताच दुसऱ्याने मागेच थांबून त्यास मान देणे, यास बॅकिंग म्हणतात.

पक्ष्याजवळ असताना कुत्र्याला कठोर शिक्षा करणे घातक ठरते. अशा कुत्र्याच्या मनात पक्षी आणि वेदना यांचा संबंध जुळतो व तो वास येऊनही पक्षी टाळून पुढे जाऊ लागतो.

शिकारीची पद्धत

कुत्रे शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, डावी-उजवीकडे धावत रान पिंजून काढतात. मोठ्या इस्टेटींवर शिकारी घोड्यावरून किंवा खेचरांच्या गाडीतून त्यांच्या मागे जातात. पॉइंट दिसताच शिकारी खाली उतरून कुत्र्याच्या बाजूने पुढे येतात आणि पक्षी उडवला जातो. थवा एकाच वेळी मोठ्या फडफडाटासह उठतो. अशा वेळी थव्याकडे पाहून बंदूक न झाडता एकच पक्षी निवडावा लागतो. साधारणतः २० किंवा २८ गेजची छर्‍याची बंदूक वापरली जाते.

कुत्र्याच्या व सोबत्यांच्या सुरक्षिततेसाठी कमी उंचीवरून उडणाऱ्या पक्ष्यावर गोळी न झाडण्याचा दंडक आहे. रॅटलस्नेक व उष्माघात हे कुत्र्यांना असलेले प्रमुख धोके होत. थंडीत तग धरण्यास थव्यात पुरेसे पक्षी उरावे लागतात. म्हणून लहान झालेला थवा सोडून देण्याची आणि सायंकाळी पक्ष्यांना पुन्हा एकत्र येण्यास वेळ देण्याची प्रथा आहे.

स्पर्धा

कुत्र्यांच्या कसोटीसाठी फील्ड ट्रायल भरवल्या जातात. अमेरिकेतील सर्वांत मानाची राष्ट्रीय स्पर्धा १८९६ साली सुरू झाली. टेनेसीतील ग्रँड जंक्शनजवळील एम्स प्लांटेशनशी तिचे नाव दीर्घकाळ जोडले गेले आहे. तीत कुत्र्यांची जोडी सलग तीन तास धावते. पक्षी मारले जात नाहीत. केवळ आवाजाचे काडतूस वाजवून कुत्र्याचे स्थैर्य तपासले जाते. सुरुवातीस या स्पर्धेवर सेटरचे वर्चस्व होते. १९०९ साली मॅनिटोबा रॅप हा ती जिंकणारा पहिला पॉइंटर ठरला.

अधिवास आणि आग

अमेरिकन यादवी युद्धानंतर उत्तरेकडील धनिकांनी टॉमसव्हिल परिसरातील जुन्या शेतमळ्यांच्या जमिनी हिवाळी शिकारीसाठी विकत घेतल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील लावे कमी होऊ लागल्याने १९२४ साली हर्बर्ट स्टॉडर्ड यांच्याकडे अभ्यास सोपवण्यात आला. त्यांचा 'द बॉबव्हाइट क्वेल' हा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. वनखाते त्या काळी सर्व प्रकारच्या आगीला विरोध करीत होते. स्टॉडर्ड यांनी मात्र ठरावीक काळाने लावलेल्या नियंत्रित आगीशिवाय लाव्याचे रान टिकत नाही, असे दाखवून दिले. आग न लागल्यास झुडपे दाट होतात आणि पिल्लांना चालण्यास मोकळी जमीन व कीटकांचे अन्न मिळत नाही. १९५८ साली टॅलाहासीजवळ स्थापन झालेल्या टॉल टिंबर्स संशोधन केंद्राने हे कार्य पुढे नेले.

बॉबव्हाइटच्या ऱ्हासास शिकारीपेक्षा अधिवासाचा नाश अधिक कारणीभूत मानला जातो. बांधाबांधापर्यंत होणारी शेती, दाट वृक्षलागवड व आगीचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे आहेत. लाँगलीफ पाइनची खुली वने एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरली होती. त्यांचा अल्पसा भागच आता शिल्लक आहे. शिकारीसाठी राखलेल्या रेड हिल्समधील रानांत लाव्याबरोबरच दुर्मीळ रेड-कॉकेडेड सुतारपक्षीही टिकून आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तित्तिर व लावा यांसारख्या वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. पूर्वी परवान्याने होणारी शिकार १९९१ च्या दुरुस्तीने बंद करण्यात आली.